भिंती आमच्या, खिडक्या तुमच्या

गेल्या डिसेंबरात मी पुण्यात पैसे भरून भिंती बघायला गेले होते. सतरा सीटची एसी गाडी, प्रत्येकाला पाण्याची बाटली, गळ्यात अडकवायचं कार्ड आणि पुढच्या सीटवर माइक धरून बसलेला गाइड. जाहिरातीत लिहिलं होतं, तीन तासांत चौदा भित्तिचित्रं. चौदापैकी चार ठिकाणी आम्ही खाली उतरलो आणि उरलेली दहा काचेतून बघितली. त्यातली तीन माझ्या उलट्या बाजूला होती, म्हणजे ती मी बघितली असं म्हणणंही खोटं ठरेल. मी फक्त माझ्या शेजारच्या मुलाचा फोन बघितला, ज्यात ती चित्रं दिसत होती.

एका ठिकाणी भिंतीसमोर दोरी बांधलेली होती आणि दोरीवर एक हिरवं लुगडं वाळत होतं. गाइडने खाली उतरून दारातल्या आजींना विनंती केली, "आजी, दोन मिनिटं बाजूला घेता का?" आजींनी घेतलं. आमचे फोटो झाले. गाडीत बसताना मी मागे वळून बघितलं तर आजी ओलं लुगडं पुन्हा दोरीवर टाकत होत्या. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. रोजचं काम असल्यासारखं त्यांनी ते केलं, आणि मला वाटतं ते खरंच रोजचं झालं असणार.

एवढ्यावरून कुणी लेख लिहीत नाही. पण त्याच टूरवाल्यांची माणसं फेब्रुवारीत आमच्या गावात आली, म्हणून लिहिते आहे.

आमचं गाव नसरापूरजवळच्या चेलाडी फाट्यावरून वेल्ह्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर आहे. हा पुणे जिल्ह्यातला सगळ्यात कमी लोकवस्तीचा तालुका, २०११ च्या जनगणनेत साधारण चोपन्न हजार माणसं. एवढी माणसं पुण्यात दोन-चार मोठ्या सोसायट्यांच्या पट्ट्यात राहतात. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारसा यादीत घेतलं. त्यात राजगड आहे, आणि तेव्हापासून शनिवार-रविवारी मार्गासनीच्या पुढे गाड्यांची रांग लागते. ही रांग नुसती गडाकडे का जाते, वाटेत थांबत का नाही, असा प्रश्न टूरवाल्यांना पडला. त्यांचं उत्तर असं होतं: रस्त्याला लागून असलेल्या घरांच्या चाळीस भिंती रंगवायच्या, मग भोरच्या बाजारपेठेत वीस, आणि पुण्याहून दर शनिवारी एक गाडी. सकाळी भोर, दुपारी जेवण, संध्याकाळी वेल्हे. "ओपन एअर गॅलरी" हा शब्द त्यांनी पारावर बसलेल्या माणसांसमोर निदान दहा वेळा वापरला.

मी भित्तिचित्रांच्या विरोधात नाही, हे आधीच सांगते, नाहीतर खाली तेवढ्याच कॉमेंट येतील. २०१२ च्या सुमारास हर्षवर्धन कदम या चित्रकाराने पुणे स्ट्रीट आर्ट प्रोजेक्ट सुरू केला, आणि पेठांमधल्या पडक्या, ओल आलेल्या भिंतींवर एकदम माणसं, प्राणी, देव उगवायला लागले, तेव्हा मी कॉलेजात होते. वर्ग बुडवून आम्ही ती चित्रं शोधत फिरायचो. पत्ता कुणाकडेच नसायचा. एखाद्या बोळात शिरायचं, चहावाल्याला विचारायचं, तो म्हणणार "कुठलं चित्र? ते होय, ते मागच्या वाड्याच्या तिथं." मग वाडा, मग वाड्यातलं कुत्रं, मग चित्र. पुण्यात सात महिने राहूनही मला जे शहर कळलं नव्हतं ते त्या चार-पाच दुपारींत कळलं.

आता गाडीची गोष्ट बघा. सतरा सीटची गाडी कसब्याच्या बोळात वळत नाही. त्यामुळे बोळातली चित्रं टूरमध्ये नव्हतीच. मी गाइडला त्यातल्या दोन चित्रांबद्दल विचारलं. एकाबद्दल तो म्हणाला, "तिथे पार्किंगचा इश्यू आहे." दुसरं त्याला माहीतच नव्हतं. म्हणजे कुठलं चित्र बघण्यासारखं, हे गाडीच्या लांबीने ठरलं. आणि हे एवढ्यावर थांबत नाही. एकदा गाडीतून चित्रं बघायची पद्धत पडली की पुढची चित्रंही गाडीसाठीच काढली जातात. मोठ्या रस्त्यावर, उंच, चटकन कळणारी, वीस सेकंदांत संपणारी. आमच्या गावात लॅपटॉपवर दाखवलेले नमुने नेमके तसे होते. काय काय होतं ते पुढे सांगते.

यावर कुणी म्हणेल, जगात सगळीकडे असंच चालतं. चालतं, आणि सगळीकडे सारखं चालत नाही. अमेरिकेत फिलाडेल्फिया शहरात १९८४ साली भिंती खराब करणाऱ्या पोरांना रंगकामाला लावायचं म्हणून सरकारी उपक्रम सुरू झाला. त्यातून हजारो भित्तिचित्रं उभी राहिली आणि आज तिथे ट्रॉलीतून टूर निघतात. त्याच शहरात २००९ मध्ये स्टीफन पॉवर्स या चित्रकाराने उंचावरून धावणाऱ्या लोकलच्या बाजूच्या पन्नास भिंतींवर एक लांबलचक प्रेमपत्र रंगवलं. ते बघायचं तर ट्रेनच्या खिडकीतूनच. माझ्या वरच्या सगळ्या म्हणण्याला हा सरळ छेद आहे आणि मला तो मान्य आहे. पण ती ट्रेन कोणाची? त्या वस्तीतून रोज कामाला जाणाऱ्यांची. पॉवर्स त्याच भागात वाढलेला. त्याने तिथे पाट्या रंगवायचं दुकान थाटलं आणि आजूबाजूच्या दुकानदारांच्या पाट्याही रंगवल्या. ते पत्र त्या खिडकीत रोज बसणाऱ्या माणसांना लिहिलेलं होतं. आमच्याकडे रोज खिडकीत बसणारी माणसं स्वारगेट–वेल्हे एसटीत असतात. त्यांच्यासाठी कोणी काही रंगवायला आलेलं नाही.

बेलफास्टचं उदाहरण मला जास्त जवळचं वाटतं. तिथे फॉल्स आणि शँकिल या दोन रस्त्यांवर कॅथलिक आणि प्रोटेस्टंट वस्त्यांनी आपापली चित्रं काढली आहेत: मेलेल्यांची, तुरुंगात गेलेल्यांची, उपोषणात गेलेल्यांची. काळ्या टॅक्सीतून ती दाखवतात. गाडीच आहे, टूरच आहे, पैसेही घेतात. पण चालवणारा बहुतेकदा त्याच गल्लीत वाढलेला असतो आणि तो चित्राबद्दल बोलताना आपल्या शेजाऱ्याबद्दल बोलत असतो. हे मुद्दाम लिहून ठेवते, कारण माझा चुलतभाऊ शेवटी याच मुद्द्यावर मला पकडणार आहे.

तर नमुने. पहिला, शिवाजी महाराज, पाठमोरे, मागे सूर्य. यावर गावात कोण नाही म्हणणार? राजगड हा त्यांच्या राज्याची पंचवीसेक वर्षं राजधानी. दुसरा, मोराच्या पिसाऱ्यात बाईचा डोळा. तिसरा, भिंतीवर दोन मोठे पंख, ज्यांच्या मध्ये उभं राहून फोटो काढायचा. चौथा, वारली. तारपा वाजवणारा, त्याच्याभोवती गोल नाचणारी माणसं.

या चौथ्यावर मी पारावर बोलले आणि बहुधा जरा जास्तच बोलले. वारली चित्रं पालघर जिल्ह्यातल्या वारल्यांची. घरात लग्न असलं की सवाशिणी गेरूने सारवलेल्या आतल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक लिहितात, चौकात पालघट देवी बसते. चित्र 'काढतात' असं म्हणत नाहीत, 'लिहितात' म्हणतात. जिव्या सोमा मशे यांनी ही चित्रं कागदावर आणली, जगभर नेली, त्यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली. तिथपर्यंत त्या चित्राचा प्रवास सन्मानाचा आहे. त्यानंतर ते टोलनाक्यावर, रिसॉर्टच्या स्वच्छतागृहावर, फ्लायओव्हरच्या खांबावर आलं. शहरी माणसाला 'खेडं' म्हणायचं असलं की आता वारली छापतात. आमच्या तालुक्यात वारली राहत नाहीत. आमच्याकडे कातकरी आहेत, महादेव कोळी आहेत, डोंगरावर धनगरवाडे आहेत. यातल्या कुणाचं काही त्या लॅपटॉपमध्ये नव्हतं. मी विचारलं तर उत्तर आलं, "वारली इज मोअर रेकग्नायझेबल." समोर बसलेल्या कातकरी वस्तीतल्या बाबांना इंग्रजी कळलं नाही, हे बरं झालं.

आता माझ्या मामाबद्दल.

मामा भोरला पेंटर आहे. एसटी स्टँडपासून चालत पाच मिनिटांवर त्याचं दुकान, म्हणजे एक गाळा, त्यात डबे, वाळत टाकलेले ब्रश आणि गणपतीच्या जुन्या मखराचे तुकडे. पस्तीस वर्षं तो भिंतींवर लिहितो. सिमेंट, पाइप, बियाणं, जर्दा, कुटुंब नियोजन, पल्स पोलिओ, 'मुलगी शिकली प्रगती झाली', उमेदवारांची नावं, चिन्हं. लहानपणी मी त्याच्याबरोबर जायचे. दोरा निळीत बुडवायचा, भिंतीच्या दोन टोकांना मी आणि त्याने धरायचा, मध्ये चिमटीत ताणून सोडायचा. टप्पकन आवाज येतो आणि भिंतीवर सरळ निळी रेघ उमटते. ती शिरोरेघ. मग तो एकही अक्षर आधी न आखता, डावीकडून सुरुवात करून, बरोबर उजव्या कडेला शेवटचं अक्षर बसवायचा. 'ज्ञ' आणि 'क्ष' त्याचे ओळखू येतात. मार्गासनीपासून वेल्ह्यापर्यंत एसटीतून जाताना मी सांगू शकायचे, हा मामाचा, हा मामाचा नाही.

मग फ्लेक्स आला. जे अक्षर लिहायला अर्धा दिवस लागायचा ते वीस मिनिटांत छापून यायला लागलं, फोटोसकट. कामं गेली. उरलं काय? जूनमध्ये झेडपीच्या शाळांच्या बोलक्या भिंती, म्हणजे पाढे, बाराखडी, आपला तालुका, पाण्याचं चक्र. गणपतीत मंडळांचे देखावे. निवडणुकीआधी नावं लिहायची आणि आचारसंहिता लागली की तीच नावं चुन्याने पुसायची. दोन्हीचे पैसे मिळतात, मामा म्हणतो, पुसायचे जास्त वेळेवर मिळतात.

टूरवाल्यांनी सांगितलं, की चित्रकार मुंबईहून आणि पुण्याहून येतील, दोन परदेशातूनही. "आणि स्थानिक कलाकार?" असं कुणीतरी विचारलं. स्थानिकांनाही सामील करून घेणार होते. स्थानिक पेंटरांनी भिंत घासून, लांबी भरून, प्रायमरचे दोन हात मारून द्यायचे होते.

मामाला मी फोनवर हे सांगितलं तेव्हा तो हसला. म्हणाला, "बरंय की. पांढरं मारायला डोकं लागत नाही." नंतर थोडा वेळ कोणीच बोललं नाही, आणि मग त्याने विचारलं, "स्क्वेअर फुटाला काय देणार म्हणाले?"

मला माहीत आहे, यावर काय म्हटलं जाईल. जाहिरात लिहिणं आणि चित्र काढणं यात फरक आहे, तुझा मामा कारागीर आहे, कलाकार नाही. हा फरक मला शिकवू नका. वाईजवळ मेणवलीला नाना फडणवीसांचा वाडा आहे, आमच्या भोरपासून डोंगर ओलांडला की पलीकडे. त्यात अठराव्या शतकातली भित्तिचित्रं आहेत आणि ती बघायला कलेचे विद्यार्थी लांबून येतात. ती काढणाऱ्यांची नावं किती जणांना सांगता येतील? तेही रोजाने काम करणारे हातच होते. दोनशे वर्षं गेली की कारागिराचा कलाकार होतो, मग तिकीट लागतं. मामा आज जिवंत आहे आणि बेकार आहे, त्यामुळे तो प्रायमर.

कागदाचीही गोष्ट सांगायला हवी. भिंत देणाऱ्या घरमालकाने पाच वर्षांच्या करारावर सही करायची होती. भाडं नाही. त्या मुदतीत भिंतीवर दुसरं काही लावायचं नाही, जाहिरात घ्यायची नाही, आणि चित्राला बाधा येईल असं बांधकाम किंवा दुरुस्ती लेखी परवानगीशिवाय करायची नाही. माझ्या काकीचं घर अगदी रस्त्याला, तिची भिंत त्यांना सगळ्यात जास्त आवडलेली. काकीने कागद हातात घेतला नाही, नुसतं ऐकलं आणि विचारलं, "पावसात भित गळाया लागली, तर लिपायचं कुणाला इचारून?"

यावर उत्तर नव्हतं, कारण त्यांच्यापैकी कुणी वेल्ह्याचा पाऊस बघितलेला नव्हता. आमच्याकडे जूनच्या आधी घरांच्या पश्चिमेच्या भिंतीला प्लास्टिकचा कागद ताणून बांधतात, कुठे पेंढा, कुठे गवत. पाऊस आडवा येतो. ते झाकण दसऱ्याच्या आसपास निघतं. म्हणजे वर्षातले चार महिने त्या गॅलरीवर निळा कागद असणार. आणि काकीने कागद बांधायचा नाही असं ठरलं तर पहिल्याच श्रावणात महाराजांच्या पाठीवर शेवाळ येणार. मग त्याचा फोटो कुणीतरी टाकणार आणि गावावर काय येईल याची कल्पना तुम्हीच करा.

चित्रकाराचा चित्रावर हक्क असतो आणि तो मला महत्त्वाचा वाटतो. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातलं कलम ५७ त्यासाठीच आहे. अमरनाथ सहगल यांचं दिल्लीच्या विज्ञान भवनातलं भव्य म्युरल १९७९ मध्ये सरकारने उखडून गोदामात टाकलं. ते कोर्टात लढत राहिले आणि २००५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने उरलेले तुकडे त्यांना परत द्यायला आणि पाच लाख रुपये भरपाई द्यायला सांगितलं. न्यूयॉर्कमध्ये फाइव्ह पॉइंट्झ नावाच्या इमारतीवरची चित्रं मालकाने २०१३ मध्ये रातोरात पांढऱ्या रंगाने पुसली. त्याला २०१८ मध्ये एकवीस चित्रकारांना ६७ लाख डॉलरहून जास्त भरपाई द्यायचा आदेश झाला. दोन्ही निकाल वाचून मी खूश झाले होते. पण त्या दोन्ही गोष्टींत समोर सरकार होतं, बिल्डर होता. काकीकडे दोन खोल्या आहेत, एक म्हैस आहे. चित्रकाराचा हक्क राखायला कलम आहे. भिंतीमागे झोपणाऱ्या बाईचा हक्क त्या कागदात एका ओळीतही नव्हता.

बर्लिनमध्ये ब्लू नावाच्या इटालियन चित्रकाराने क्रॉयझबर्ग भागात दोन प्रचंड चित्रं काढली होती. पोस्टकार्डांवर, गाइडबुकांत ती बर्लिनची ओळख झाली. शेजारच्या मोकळ्या जागेवर इमारती येणार आणि त्या चित्रांच्या प्रसिद्धीवर घरं विकली जाणार असं दिसल्यावर डिसेंबर २०१४ मध्ये ती दोन्ही चित्रं काळ्या रंगाने पुसण्यात आली, चित्रकाराच्या संमतीने. स्वतःचं काम. ही गोष्ट मी पहिल्यांदा वाचली तेव्हा मला ती नाटकी वाटली होती. आता वाटत नाही. आमच्या रस्त्यावर आत्ता भिंतींवर सर्वांत जास्त काय लिहिलेलं आहे, माहीत आहे? एनए प्लॉट. फार्महाउस प्लॉट. गुंठ्यात उपलब्ध, लेक व्ह्यू, फोर्ट व्ह्यू. पानशेतच्या पाण्याच्या कडेला तर बोर्ड मोजता येत नाहीत. रंगवलेलं गाव हे त्या बोर्डांचं पुढचं पान आहे. ज्या दिवशी चाळीस भिंती रंगतील त्या दिवशी त्यांच्या मागच्या जमिनीचा भाव बदलेल, आणि विकणारे आमच्यातलेच असतील. मी त्यांना दोष देत नाही. भाताचा भाव मला माहीत आहे.

पानशेतचं नाव आलं म्हणून सांगते. पुण्याच्या त्या टूरमध्ये नदीकाठच्या एका चित्राजवळ गाइड म्हणाला की १९६१ च्या पुरात हा सगळा भाग पाण्याखाली होता. बरोबर आहे. १२ जुलै १९६१ ला पानशेत धरण फुटलं, त्या लोंढ्याने खडकवासल्याचं जुनं धरण फोडलं आणि अर्धं पुणं बुडालं. धरणाचं काम पुरतं झालेलं नव्हतं, तरी त्यात पाणी साठलं. मातीचा भराव खचायला लागल्यावर जवानांनी रात्रभर वाळूची पोती रचून तो धरून ठेवला. पुण्याच्या प्रत्येक जुन्या घरात या दिवसाची गोष्ट असते. पण पानशेत कुठे आहे? आमच्या तालुक्यात. ते धरण बांधताना जी गावं उठली ती आमची. फुटलं तेव्हा पुण्याची झाली ती गोष्ट, पुन्हा बांधलं तेव्हाही पुण्याचीच राहिली. मग वरसगाव झालं, मग धानेपजवळ गुंजवणी. भोरकडे भाटघर तर इंग्रजांच्या काळातलं, १९२८ च्या सुमारास पुरं झालेलं, आणि नंतर नीरा देवघर. दोन तालुक्यांत मिळून एवढ्या मोठ्या भिंती आहेत आणि त्यांच्या पोटात गावं आहेत, देवळं आहेत. उन्हाळ्यात पाणी उतरलं की जोती वर येतात. भोर-वेल्ह्यात भिंत बघायला येणाऱ्याने आधी या भिंती बघाव्यात. गाइडच्या नकाशावर त्या 'फोटो पॉइंट' म्हणून होत्या, बॅकवॉटरच्या बाजूने.

इथवर मी लिहिलं ते सगळं मी पारावरही बोलले होते, थोडं रागाने, थोडं तुटक. टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत. परत येताना चुलतभावाने गाडी काढली. त्याने गेल्या वर्षी कर्ज काढून सात सीटची गाडी घेतली आहे, दर महिन्याच्या सात तारखेला हप्ता जातो, आणि टूरवाले त्याला दर शनिवारचं भाडं द्यायला तयार होते. चेलाडीपर्यंत तो एक शब्द बोलला नाही. फाट्यावर गाडी थांबवून म्हणाला, "ताई, तुझं सगळं खरं असंल. पण तू शनिवारी येती आन् रविवारी जाती. तू पण टूरच की."

याचं उत्तर माझ्याकडे नाही आणि इथे बनवून लिहिणार नाही. मी पुण्यात पगार घेते, एसी ऑफिसात बसते, आणि गावाने कसं असावं हे सांगायला येते. त्याला गावात राहायचं आहे. तिथे राहायचं तर काहीतरी चाक फिरत राहिलं पाहिजे, आणि चाळीस रंगीत भिंती हे त्याला दिसलेलं पहिलं चाक आहे. भिलारकडे बोट दाखवून तो म्हणतो, तिथे झालं ना? पाचगणीजवळचं भिलार ४ मे २०१७ ला पुस्तकांचं गाव झालं, पंचवीस ठिकाणी पुस्तकं ठेवली, भिंतीही रंगवल्या. तिथे मी गेले आहे. माणसं घरात बोलावतात, खुर्ची देतात, तुम्ही तासभर वाचत बसता. भिलारचं मला पटलं ते बसण्यामुळे. काचेतून पुस्तक वाचता येत नाही, त्यामुळे तिथे उतरावंच लागतं.

म्हणून मी भावाला बेलफास्टच्या टॅक्सीवाल्यांबद्दल सांगितलं. गाडी तुझीच असू दे, पण माइकही तुझा हवा. पुण्याच्या पोराने पाठ केलेलं बोलायचं आणि तू स्टिअरिंग धरायचं, यात तुला हप्त्यापुरते पैसे मिळतील आणि दोन वर्षांत दुसऱ्याची मोठी गाडी येईल. तुला आंबवड्याचा झुलता पूल माहीत आहे, कान्होजी जेधे आणि जिवा महाला यांच्या समाध्या माहीत आहेत, धरणाखाली आजीचं माहेर कुठे होतं ते माहीत आहे. मामाच्या दुकानात त्यांना तासभर बसव, दोरा धरायला लाव, स्वतःचं नाव देवनागरीत भिंतीवर लिहू दे. त्या तासाचे मामाला पैसे दे. चाळीस भिंती रंगवायच्याच असतील तर घरातल्या बाईला आधी विचार की तिला काय हवंय, कदाचित ती म्हणेल, नुसता चांगला चुना द्या. आणि भाडं घे. सिमेंट कंपनीवाले भिंतीचे पैसे द्यायचे, मग कलावाले का देत नाहीत?

तो म्हणाला, "आन् येणार कोण ह्ये बघाया?"

म्हणजे तुम्ही. हा लेख फोनवर वाचणारे, शनिवारी काय करायचं ते शुक्रवारी रात्री ठरवणारे. मी तुम्हाला येऊ नका म्हणत नाही. त्या गाडीत बसू नका म्हणते. स्वारगेटहून एसटी आहे. उतरा, चाला, चहा घ्या, विचारा. भिंतीसमोर लुगडं वाळत असेल तर लुगड्यासकट फोटो काढा, तोही विचारून.

मार्चमध्ये ग्रामसभा झाली. ठराव झाला नाही, पुढच्या सभेत घेऊ म्हणाले. तेवीस घरांनी कागदावर सह्या केल्या आहेत, काकीने केलेली नाही. तिच्याकडे अजून दोनदा माणूस येऊन गेला.

मामाला मात्र अचानक काम आलं आहे. २०२४ च्या मार्चमध्ये मंत्रिमंडळाने वेल्हे तालुक्याचं नाव राजगड करायचं ठरवलं, त्यामुळे शाळा, सोसायट्या, दूध डेअऱ्या, दुकानं, सगळीकडे पाट्यांवर 'ता. वेल्हे' खोडून 'ता. राजगड' लिहायचं आहे. दोन अक्षरांच्या जागेत चार बसवायची. फ्लेक्स बदलणं परवडत नाही अशी बरीच ठिकाणं आहेत, तिथे अजून ब्रश चालतो. गेल्या रविवारी एका शाळेच्या भिंतीपाशी त्याने मला दोऱ्याचं दुसरं टोक धरायला दिलं. पोरं भोवती उभी होती. 'ड' कडेला जाईल की काय असं मला वाटत होतं, पण बसला.